अनुदानाचा पैसा आणि सीमेवरचा शेवटचा कोस

(वारासिवनी येथील नागरिकांपुढे आमच्या संपादकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्या या गावात आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. 'तुम्ही विलीनीकरणवादी. महाराष्ट्रात जाऊ म्हणता. मग रस्त्यासाठी, पुलासाठी, नळयोजनेसाठी भोपाळ-दिल्लीच्या दारी अर्ज करा, असा उपदेश लोकांना का करता? त्यांचा पैसा घेतला की आपली मागणी लंगडी पडणार नाही काय?' प्रश्न विचारणारे आमचेच कार्यकर्ते आहेत आणि तो त्यांनी कळकळीने विचारला आहे. म्हणून त्याला उत्तरही आडपडदा न ठेवता दिले पाहिजे.

पहिली गोष्ट ही, की 'त्यांचा पैसा' हा शब्दप्रयोगच आम्हांला मान्य नाही. वारासिवनीचा कोष्टी सूत विकत घेतो तेव्हा कर भरतो. येथला धान-उत्पादक डिझेल घेतो तेव्हा प्रत्येक लिटरमागे रस्त्यांसाठीचा उपकर भरतो. भरवेली, उकवा आणि तिरोडीच्या खाणींतून निघणाऱ्या मँगनीजवर स्वामित्वधन आकारले जाते, ते या जिल्ह्याच्या पोटातून निघते. हा पैसा फिरून आपल्याकडे येतो त्याला अनुदान म्हणतात. राज्यघटनेच्या २८० व्या कलमान्वये वित्त आयोग बसतो, २७५ व्या कलमान्वये त्याने सुचविलेली अनुदाने दिली जातात. यात दात्याची मेहेरबानी कोठे आली? आपलेच धान्य आपल्याच कोठारातून मापून घेताना मान खाली घालण्याचे कारण काय?

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. आमच्या चळवळीच्या व्यासपीठावरून ती सहसा बोलली जात नाही. पण ती न बोलणे ही तुमची फसवणूक होईल. २०२२ च्या डिसेंबरात, येथून फार दूर नसलेल्या गोंदिया जिल्ह्यात, आमगाव नगरपरिषदेत घातलेल्या आठ गावांच्या लोकांनी आपल्याला मध्यप्रदेशात सामील करा, अशी मागणी केली. होय, मध्यप्रदेशात! का? त्या गावांचा दर्जा ग्रामपंचायतीचा की नगरपरिषदेचा हा वाद न्यायालयात लोंबकळत राहिला, आणि दर्जाचाच निकाल नाही म्हणून ना धड ग्रामीण योजनांचा पैसा, ना धड शहरी योजनांचा, अशी त्यांची वर्षानुवर्षे कोंडी झाली. त्याच सुमारास सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याची गावे पाण्यासाठी कर्नाटकाकडे पाहू लागल्याची चर्चा महाराष्ट्रभर गाजत होती. ही माणसे मराठीची वैरी नव्हेत. राजधानीपासून दूर पडलेल्या गावाला राज्याचे नाव बदलल्याने आपोआप रस्ता मिळत नाही, हे ती अनुभवाने शिकली होती. विदर्भाने १९५३ च्या नागपूर कराराची आश्वासने ऐकली, १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने अनुशेष मोजला, १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली आणि २०२० साली त्यांची मुदत संपली. आपले भंडारा-गोंदियाचे भाऊबंद हे सारे भोगून बसले आहेत. आम्ही तरीही महाराष्ट्रच मागतो, कारण भाषेचे व शिक्षणाचे प्रश्न रस्त्याच्या खडीने सुटत नाहीत. पण विलीनीकरण झाले की पूल आपसूक उभा राहील, असे सांगणारा कोणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मग तो आमच्या पक्षाचा का असेना.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर विभागाचे व वऱ्हाडचे मिळून आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मागे राहिला. त्याआधी १९४८ च्या कायद्याने मध्यप्रांत-वऱ्हाडात जनपद सभा स्थापन झाल्या होत्या. त्या योजनेचे गुणदोष काही असोत, तिच्यात एक मर्म होते: स्थानिक कारभाराचा घटक तहसील हा धरला होता. तहसिलीच्या गावचा माणूस रस्त्याचे गाऱ्हाणे तहसिलीतच मांडू शके. पुढे दोन्ही राज्यांनी १९६२ साली आपापल्या पद्धतीने नवी घडी बसविली, आणि सीमेच्या दोन्ही अंगांची गावे दोन निरनिराळ्या वह्यांत लिहिली गेली. त्या दिवसापासून सीमेवरचा शेवटचा कोस अनाथ झाला.

हा शेवटचा कोस म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिचा हेतू उत्तम होता आणि तिने पुष्कळ गावांना चिखलातून बाहेर काढले, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. परंतु तिचे गणित असे, की न जोडलेल्या वस्तीला बारमाही रस्त्याने एकदा जोडावयाचे. कोणता रस्ता धरावयाचा हे प्रत्येक राज्य आपापल्या जिल्ह्याच्या जाळ्यात बसवून ठरविते. खैरलांजीकडचे एखादे गाव वारासिवनीच्या बाजूने जोडले गेले की ते 'जोडलेले' झाले. त्या गावाचा बाजार नदीपलीकडे तिरोड्याला किंवा तुमसरला असेल, त्याच्या लेकी तिकडे दिल्या असतील, दवाखाना तिकडचा जवळ असेल. पण ती वाट या जाळ्यात नाही. पलीकडचे राज्यही आपला रस्ता आपल्या शेवटच्या गावापाशी थांबविते. मधला कोस कोणाचा? नकाशावर तो दोघांचा आहे, अंदाजपत्रकात कोणाचाच नाही.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. डिझेल-पेट्रोलवरील ज्या उपकराचा आम्ही उल्लेख केला, त्याचा केंद्रीय निधी २००० च्या कायद्याने उभा आहे आणि २०१८ पासून त्याला रस्ते व पायाभूत सुविधा निधी असे नाव आहे. त्यात आंतरराज्य जोडरस्त्यांसाठी वेगळी तरतूद आहे. आर्थिक महत्त्वाच्या रस्त्याला केंद्र निम्मा खर्च देते, आंतरराज्य जोडरस्त्याला मात्र सगळा. मग अडते कोठे? प्रस्ताव राज्य सरकारने पाठवावा लागतो, आणि गावरस्त्यांना हा निधी नाही. म्हणून आधी तो रस्ता वरच्या दर्जात नोंदवून घ्यावा लागतो, नंतर दोन्ही राज्यांचे प्रस्ताव एका वेळी जावे लागतात. एकाच बाजूचा गेला तर पूल नदीच्या मध्यावर संपणार! दोन राज्ये एकत्र येऊ शकत नाहीत, असे कोणी म्हणेल तर त्याला बावनथडीचे धरण दाखवा. दोन्ही राज्यांनी मिळून बांधलेला तो प्रकल्प आहे, आणि त्याचे पाणी दोन्हीकडच्या धानाला मिळते. पाण्याच्या बाबतीत जे जमले ते डांबराच्या बाबतीत का जमू नये?

रेल्वेचे उदाहरण तर तुमच्या दारातले आहे. तुमसरहून तिरोडीपर्यंत रूळ गेले ते मँगनीजसाठी, आणि बालाघाटहून वारासिवनीवरून कटंगीपर्यंत आली ती अडीच फुटी छोटी गाडी. कटंगी आणि तिरोडी यांत सुमारे १५ किलोमीटरचे अंतर. पण ते अंतर कित्येक पिढ्या तसेच राहिले, कारण खनिजाला त्या तुकड्याची गरज नव्हती, गरज होती ती माणसांना. जबलपूर-गोंदिया मार्ग कटंगीच्या फाट्यासह रुंद करण्याचे काम १९९६-९७ साली मंजूर झाले आणि मुख्य मार्ग सर्वत्र रुंद व्हावयास जवळजवळ पाव शतक लागले. कटंगी-तिरोडीची फटही आता बुजली आहे. वारासिवनीच्या हातमागाच्या साडीला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली. पण साडी आणि तांदूळ मानांकनाच्या कागदावर बसून नागपूरला जात नाहीत. त्यांना स्टेशनापर्यंतचा रस्ता लागतो, मालधक्का लागतो, पावसात न भिजणारे छप्पर लागते. हे तुकडे रेल्वे बांधणार नाही; ते नगरपालिकेने आणि पंचायतींनी मागावयाचे आहेत.

मागावयाचे कोणाजवळ? खासदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटींचा. बालाघाट मतदारसंघात विधानसभेचे आठ विभाग, म्हणजे एकेका विभागाच्या वाट्याला सरासरी साडेबासष्ट लाख. एवढ्यात छप्पर होईल, पूल होणार नाही. तेव्हा पुलासाठी खासदारांच्या मागे धावून वर्ष फुकट घालवू नका. वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानात ६० टक्के पाणी व स्वच्छतेला बांधलेले होते, ४० टक्के मोकळे होते. शिवाय हिशेब तपासून लोकांना पाहण्यास खुले केल्यावाचून ते मिळत नव्हते, ही अट आम्हांला फार आवडते. आणि सर्वांत जवळची थैली खनिजाची. २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद झाली; जुन्या खाणपट्ट्यांच्या धारकांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के रक्कम त्यात भरावयाची आहे. २०२४ च्या नव्या नियमांनी त्यातील किमान ७० टक्के पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांना राखले, रस्ते-पूल उरलेल्यात आले. म्हणजे रस्त्याचा वाटा आक्रसला. कटंगी-तिरोडीकडच्या गावांनी आता उशीर केला तर त्यांच्या मातीतून निघालेल्या पैशाने दुसरीकडचे सुशोभन होईल.

आता भाषेविषयी. पुष्कळ वृद्ध गृहस्थ म्हणतात, 'आमच्या घरात पोवारी, मराठी. सरकारी हिंदी लिहिता येत नाही, अर्ज कोणाकडून लिहवून घ्यावा?' घटनेचे ३५० वे कलम सांगते, की गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कोणत्याही अधिकाऱ्याकडे संघराज्यात अथवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मराठीत लिहा. खाली हिंदी भाषांतर जोडा, म्हणजे कारकुनाला निमित्त उरणार नाही. १९५६ च्या दुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारीही निर्माण केला आहे. मराठी अर्ज परत आला तर त्याची प्रत तेथे धाडा. विलीनीकरणाच्या मागणीला याने बाध येत नाही. उलट, प्रत्येक मराठी अर्जाला आवक-क्रमांक पडतो आणि या तहसिलीत मराठी माणूस राहतो, याची नोंद सरकारच्याच दप्तरात होते.

ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून चालते. त्या ग्रामसभेत सीमेवरच्या प्रत्येक गावाने एकच ठराव मांडावा: आमच्या शेवटच्या घरापासून पलीकडच्या राज्याच्या पहिल्या डांबरापर्यंत अंतर किती, मध्ये ओढे किती, पावसाळ्यात किती दिवस वाट बंद राहते, आणि कोणत्या बाजारासाठी, दवाखान्यासाठी, शाळेसाठी ती वाट लागते. अंतर पावलांनी मोजलेत तरी चालेल. त्याच मजकुराचा ठराव पलीकडच्या ग्रामपंचायतीने करावा, म्हणून आमचे कार्यकर्ते तिरोडा, तुमसर आणि आमगाव येथे जाणार आहेत. दोन्ही ठरावांच्या प्रती आमच्या कचेरीत पोहोचत्या करा. आम्ही त्या या पृष्ठावर गावाच्या नावानिशी शेजारी शेजारी छापू, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे एकाच टपालाने पाठवू.