रोवणीला जाताना लेकरू कुठे ठेवायचं?



आपल्या भंडारा जिल्ह्यात रोवणी सुरू झाली की महिनाभर बाईच्या हाताला उसंत नसते. गटाच्या कर्जाचा हप्ता, पोरांच्या वह्या, घरातला किराणा, सगळं त्या मजुरीवर चालतं.

मागच्या रोवणीत आमच्या गटातल्या एका ताईचा हप्ता थकला. बैठकीत तिला बोल बसले. बोलणाऱ्यांत मीही होते. नंतर घरी गेले तेव्हा कळलं. तिचं लेकरू दीड वर्षाचं, सांभाळायला सासू नाही. आधी तिनं सहावीतल्या मुलीची शाळा बुडवून तिला घरी ठेवलं. एका दुपारी मुलगी चुलीपाशी असताना लेकरू बोडीच्या काठापर्यंत गेलं. शेजाऱ्याला दिसलं म्हणून वाचलं. त्या दिवसापासून ताईनं रोवणी सोडली. आम्ही रजिस्टरात थकबाकी लिहून मोकळ्या झालो होतो, कारण विचारलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, गावात अंगणवाडी आहे ना? आहे, आणि ताई मनापासून काम करतात. पण तिथे बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. त्याहून लहानांना घरपोच आहार मिळतो, वजन होतं, लस मिळते. दिवसभर सांभाळ होत नाही. शिवाय अंगणवाडी सुटते तेव्हा आपण बांधीतच असतो. 2005 च्या रोजगार हमी कायद्यानं कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरीवर नेमायची तरतूद केली. पण रोवणी दुसऱ्याच्या शेतातली. तिथे ती लागू नाही.

यासाठी केंद्र सरकारनं 2022 मध्ये मिशन शक्तीत 'पाळणा' योजना आणली. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांची 25 पर्यंत मुलं, महिन्याला 26 दिवस, रोज साडेसात तास. सांभाळायला वेगळी सेविका आणि मदतनीस, म्हणजे गावातल्या दोघींना कामही. 2025 मध्ये आपल्या राज्य सरकारनं अशा 345 पाळणाघरांना मान्यता दिली.

चांगली गोष्ट आहे. पण हिशेब आपल्याला येतो. राज्यात जिल्हे 36. सारखी वाटणी केली तरी जिल्ह्याला नऊ-दहा. आपल्या जिल्ह्यात तालुकेच सात, गावं शेकड्यांनी. सगळ्यांना लगेच मिळणार नाही. म्हणून मागणी कागदावर पाहिजे.

येत्या बैठकीत एवढं करा. सहा वर्षांखालची किती मुलं, कोणाच्या घरी सांभाळायला माणूस नाही, कोणत्या महिन्यात अडचण येते, हे लिहून काढा. ग्रामसंघात मांडा, ग्रामसभेत ठराव घ्या आणि प्रत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या.

तोवर रोवणीपुरतं गटानं आपसात ठरवा. एकीनं लेकरं सांभाळावी, बाकीच्यांनी मिळून तिची मजुरी द्यावी. आम्ही यंदा तसंच ठरवलं आहे. त्या ताईनं पहिलं नाव दिलं, आणि तिची मुलगी शाळेत जाणार आहे.

हप्ता थकला की आधी विचारा, बाई, लेकरू कोणापाशी असतं?