वरचा काठ, खालचा काठ

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संक्षेप)



शेजारी राष्ट्रांच्या सुरक्षेचा विचार आपण बहुधा सैन्य, शस्त्रे आणि शिखर परिषदा यांच्या भाषेत करतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला तो आज पाण्याच्या भाषेत मांडावयाचा आहे. हिमालयातून येणाऱ्या नद्यांवर भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि बांगलादेश यांची शेती उभी आहे, आणि सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा या नद्यांचा उगम तिबेटात, म्हणजे चीनच्या ताब्यातील प्रदेशात आहे.

फाळणीने पंजाबचे दोन तुकडे केले. कालव्यांची काही महत्त्वाची मुखे भारतात राहिली आणि त्यांवर भिजणारी जमीन पाकिस्तानात गेली. १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने हे पाणी बंद केले. महिनाभराने, ४ मे रोजी, दिल्लीत तात्पुरती तडजोड झाली. पण पाणी तोडता येते ही धास्ती पाकिस्तानच्या मनातून गेली नाही. पुढे जागतिक बँकेच्या मध्यस्थीने आठ वर्षे वाटाघाटी चालल्या आणि १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू व अयुबखान यांनी सिंधू करारावर सह्या केल्या. रावी, बियास, सतलज भारताकडे. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यत्वे पाकिस्तानकडे, अशी वाटणी झाली. पाकिस्तानात पर्यायी कालवे बांधण्यासाठी भारताने सुमारे ६ कोटी २० लाख पौंड दहा हप्त्यांत देण्याचे मान्य केले, आणि १९६५ च्या युद्धातही हप्ता चुकविला नाही.

१९६५, १९७१ आणि १९९९ या तिन्ही संघर्षांतून हा करार तगला. दोन्ही सरकारे उदार होती म्हणून हे घडले, असे मानण्याचे कारण नाही. नद्याच वाटून घेतल्यामुळे परस्परविश्वासाची गरज कमी झाली होती, आणि उरलेल्या तंट्यांसाठी दोन्हीकडच्या आयुक्तांचा कायम सिंधू आयोग होता. वर्षातून किमान एकदा भेटणारा, आकडे देणारा-घेणारा हा आयोग नीरस होता, आणि नीरस होता म्हणूनच टिकाऊ होता.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे अतिरेक्यांनी २६ जणांची हत्या केली. त्यांत सहाजण महाराष्ट्रातले होते. त्या अमानुष कृत्याचा संताप न्याय्यच होता, आणि अपराध्यांना व त्यांच्या पाठीराख्यांना शासन करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्यच आहे. परंतु दुसऱ्याच दिवशी भारत सरकारने सिंधू करार स्थगित ठेवल्याची घोषणा केली. तिचा हिशेब शांतपणे मांडला पाहिजे. पश्चिमेकडील नद्यांचे पावसाळी पाणी अडवील एवढी साठवण आपल्यापाशी नाही. ती उभारण्यास वर्षे लागतात. म्हणजे घोषणेने नदी थांबली नाही, थांबले ते आयोगाचे काम. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मूत तावी नदीला पूर आला, तेव्हा मानवतेच्या दृष्टीने पाकिस्तानला इशारा देणे आपल्याला आवश्यक वाटले. तो आयोगाऐवजी इस्लामाबादेतील आपल्या उच्चायोगामार्फत पाठवावा लागला. यंत्रणा स्थगित करता येते, तिची गरज स्थगित करता येत नाही, एवढे यावरून दिसते.

आता नकाशा पूर्वेकडे फिरवा. येथे आपण खालच्या काठावर आहो. २०१७ मध्ये डोकलामचा तणाव असताना चीनने ब्रह्मपुत्रेच्या पाण्याचे आकडे आपल्याला दिले नाहीत. ते आकडे देण्याविषयीच्या सामंजस्य कराराची मुदत २०२३ मध्ये संपली. जुलै २०२५ मध्ये चीनने तिबेटात याच नदीवर प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केल्याचे जाहीर केले. वरच्या राष्ट्राने पाणी वा माहिती हे शिक्षेचे साधन म्हणून वापरावे, हे तत्त्व आपणच मान्य केले, तर आसामच्या शेतकऱ्यासाठी कोणत्या तोंडाने दाद मागणार?

यावर कोणी म्हणेल, चीनने पाणीवाटपाचा करारच केलेला नाही, तो आपले वर्तन कशाला पाहील? आक्षेप खरा आहे. पण बळ कमी असलेल्या पक्षाचे भांडवल स्वतःच्या पूर्वाचाराचेच असते. शिवाय बांगलादेशही आपल्याकडे पाहत असतो. १९९६ च्या गंगा कराराची तीस वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतचीच आहे.

सिंधू करार अपरिवर्तनीय आहे, असे माझे म्हणणे नाही. लोकसंख्या वाढली, हिमनद्या आटत आहेत. भारताने जानेवारी २०२३ मध्ये दुरुस्तीची रीतसर नोटीस दिली होती. तोच मार्ग योग्य होता. आपली मागणी अशी असावी: करारात दुरुस्ती वाटाघाटींनी व्हावी, आयोगाचे काम इतर वादांपासून अलग ठेवून सुरू व्हावे, आणि ब्रह्मपुत्रेच्या माहितीसाठी बांगलादेशास बरोबर घेऊन चीनकडे कायम व्यवस्थेचा आग्रह धरावा. हे अशक्य नाही. १९८८ च्या करारानुसार भारत व पाकिस्तान आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या १९९२ पासून दर १ जानेवारीस एकमेकांना देतात. २०२५ च्या सशस्त्र संघर्षानंतर, १ जानेवारी २०२६ रोजीही त्या दिल्या गेल्या.

हा विषय परराष्ट्र खात्यापुरता ठेवू नका, गावोगावी मांडा. कालव्याच्या शेपटाला ज्याचे शेत आहे त्याला तो समजावून सांगावा लागणार नाही. वरच्याशी भांडण झाले तरी पाण्याची पाळी चुकता कामा नये, हे तो जन्मापासून जाणतो.