घरच्या कारखान्यातील विजेची दुखणी

गारखेडा हे नाव उच्चारताच छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशाच्या डोळ्यांपुढे आज खेडे उभे राहत नाही. उभ्या राहतात त्या दाट वसाहती, विभागीय क्रीडा संकुल आणि सूतगिरणी चौकातील वर्दळ. येथील पुष्कळ घरांचा चिकलठाण्याच्या अथवा वाळूजच्या औद्योगिक क्षेत्राशी कधी ना कधी संबंध आलेला असतो. नोकरी संपली तरी हाताची सवय संपत नाही. मग जिन्याखालच्या खोलीत अथवा गच्चीवरच्या पत्र्याखाली एक बेंच ग्राइंडर येतो, त्यामागून ड्रिल मशीन येते, लाकूड कातण्याचे लेथ येते, आणि गृहिणीच्या नाराजीस न जुमानता कारखाना सुरू होतो. ह्या यंत्रांना विजेची दुखणी जडली म्हणजे ती कशी ओळखावी, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

ह्याच शहरात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ जुनी पाणचक्की आहे. मातीच्या नळांतून दुरून आणलेल्या पाण्याने तिचे जाते फिरे. ते थांबले तर पाणी आटले की चाक अडले, हे पाहणाऱ्यास उघड्या डोळ्यांनी समजत असे. विजेचे तसे नाही. दोष एके ठिकाणी असतो आणि त्याचे लक्षण भलत्याच ठिकाणी प्रकट होते. यंत्र थांबले की हौशी कारागीर प्रथम मोटर खोलून बसतो. आणि दोन तासांनी कळते की भिंतीवरील प्लगातील एक स्क्रू ढिला होता. शोध भिंतीपासून आरंभावा आणि यंत्राकडे जावे, उलट नव्हे. टेस्टरच्या दिव्यावर मात्र फार विसंबू नये. फेजच्या तारेत दाब आहे एवढेच तो सांगतो. परतीची न्यूट्रल तार तुटली असली तरी तो सुखाने पेटतो. साधा मल्टिमीटर घरात असणे बरे.

सर्वांत नेहमीचे दुखणे म्हणजे मोटर गुणगुणते, पण फिरत नाही. अशा वेळी बटण तात्काळ बंद करावे, कारण अडकून राहिलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते आणि तिची वेटोळी थोड्याच वेळात जळतात. प्लग सॉकेटातून काढून दांडा हाताने फिरवून पाहावा. तो जड असेल तर दोष बेअरिंगचा. विजेचा त्यात काही अपराध नाही. दांडा मोकळा फिरत असेल तर संशय कपॅसिटरवर जातो, ज्याला बाजारात अद्यापि कंडेन्सर म्हणतात. एका फेजवर चालणाऱ्या मोटरीस आरंभीचा धक्का देणे हे त्याचे काम. तो फुगला असेल किंवा त्यातून तेल पाझरले असेल तर वेगळी परीक्षा नकोच. परंतु प्लग काढल्यानंतरही त्यात वीज साठून राहू शकते. म्हणून जाणता वायरमन तारेचा जुना बल्ब त्याच्या दोन टोकांस काही क्षण जोडतो आणि मगच हात लावतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून तो रिता करण्याची चाल सर्वत्र दिसते. ती चांगली नव्हे. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच असावा आणि व्होल्टचा आकडा जुन्याहून कमी नसावा.

कपॅसिटर चांगला निघाला तर काय? पुष्कळ मोटरींत दांड्याच्या वेगाने उघडणारा एक स्विच असतो. मोटर पुरेशा वेगास पोचली की तो ‘टक्’ करून उघडतो, आणि मोटर थांबताना तसाच मिटतो. लाकडाचा भुसा त्यात शिरला म्हणजे तो अर्धवट अडकतो. उघडाच राहिला तर मोटर सुरू होत नाही. मिटलेलाच राहिला तर कपॅसिटर आणि सुरुवातीचे वेटोळे दोन्ही तापून जातात. म्हणून कान तयार असावा. तो ‘टक्’ ऐकू आला नाही, तर यंत्र पुढे चालवू नये.

कित्येकदा मोटर निर्दोष असते आणि अपराध असतो तो वायरीचा. एक अश्वशक्तीची मोटर चालताना साधारण ६ ते ७ अँपिअर घेते, परंतु सुरू होताना ३५ अँपिअरपर्यंत जाते. खालच्या मजल्यावरून गच्चीवर ०.७५ चौरस मिलिमीटरची ३० मीटर वायर नेली, तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे दीड ओहम होतो. सुरू होण्याच्या क्षणी पन्नासएक व्होल्ट त्या वायरीतच खर्ची पडतात आणि २३० पैकी १८० देखील मोटरीपर्यंत धड पोचत नाहीत. मोटरीचा जोर तर व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. अशी मोटर गुणगुणेल नाही तर काय करील! रिकाम्या वायरीवर मल्टिमीटर पुरते २३० दाखवतो. मोजणी यंत्र चालू असता करावी. हातातल्या ड्रिलचा प्रकार निराळा. त्यात फार ठिणग्या उडू लागल्या तर कार्बनचे ब्रश झिजले असावेत. ते जोडीनेच बदलावेत.

ह्या सर्व दुखण्यांत पैसा जातो. पुढच्या दुखण्यात माणूस जातो. यंत्राच्या लोखंडी अंगास हात लावताच झिणझिण्या आल्या, तर ते यंत्र त्याच क्षणी प्लग काढून बाजूस ठेवावे. आतील फेजची तार अंगास टेकली आहे आणि अर्थिंगने आपले काम केलेले नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. प्लगातील वरची जाड पिन त्याच कामासाठी असते; दोन पिनांच्या सॉकेटात बसावे म्हणून ती कापून टाकणारे महाभाग अजूनही आहेत. परंतु पिन शाबूत असूनही धोका राहतो. मराठवाड्यातील उन्हाळ्यात जमीन वाळते, आणि अंगणातील अर्थिंगचा खड्डा तिच्याबरोबर वाळतो. त्याचा रोध ४० ओहम झाला असे धरा. फेज लोखंडास टेकली तरी २३० भागिले ४०, म्हणजे पावणेसहा अँपिअरच वीज जमिनीत जाईल. दहा अँपिअरचा एमसीबी त्यावर मुळीच पडणार नाही, आणि यंत्राचे अंग तसेच जिवंत राहील. एमसीबी वायरीचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. माणसासाठी ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी बसवावा. तो वारंवार पडतो म्हणून वगळून टाकणे हा मूर्खपणा होय. कोठे तरी वीज गळत आहे हेच तो सांगत असतो.

खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलेले असते ते ओल धरून ठेवण्यासाठी व रोध कमी राहावा म्हणून. जायकवाडीचे पाणी जपून वापरणाऱ्या ह्या शहरात खड्ड्यावर पाणी ओतणे कोणास उधळपट्टी वाटेल. परंतु भांडी विसळलेले पाणीही तेथे चालते, आणि मार्च ते जून ते नेमाने घालावे. आरसीसीबीवरील ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. तो पडला, तर उपकरण काम करते एवढे कळते. खड्ड्याची स्थिती त्यावरून मुळीच कळत नाही. ती वायरमनाकडून मोजून घ्यावी, आणि तीही पावसाळ्यात नव्हे, तर ऐन मे महिन्यात.