बाभूळ : रूप आणि वर्गीकरण

वाशीम जिल्ह्यात धुऱ्यावर, नाल्याकाठी आणि गायरानात आपसूक उगवणाऱ्या बाभळीचे शास्त्रीय नाव आहे व्हॅचेलिया निलोटिका. नावात नाईल नदी आहे ती उगीच नाही. शेंगाकुळातला हा वृक्ष आफ्रिकेपासून अरबस्तानमार्गे भारतापर्यंत रानोमाळ वाढतो.

साल काळपट, उभ्या खोल भेगांची. पानाच्या बुडाशी सरळ, पांढरट काट्यांची जोडी. हे काटे म्हणजे उपपर्णांचेच बदललेले रूप. कोवळ्या रोपावर ते लांब असतात, थोराड झाडावर आखूड होतात. पान दोनदा विभागलेले, दले अगदी बारीक. पावसाळ्यात पिवळेधमक गोल गेंद फुलतात. एका गेंदात चिमुकली फुले दाटीवाटीने असतात आणि डोळ्यांत भरणारा पिवळा रंग पाकळ्यांचा नसून पुंकेसरांचा असतो.

ओळखीचा खरा आधार मात्र शेंग. दोन बियांच्या मध्ये आवळलेली, पांढुरक्या लवेची ही शेंग ओवलेल्या मण्यांसारखी दिसते. ब्रेनन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने या जातीच्या नऊ उपजाती मांडल्या, त्यात शेंगेचा आकार आणि लव यांना मोठे महत्त्व आहे. शेंगेवाचून गोळा केलेला नमुना म्हणूनच अपुरा ठरतो. आपल्याकडची नेहमीची उपजात इंडिका. फांद्या सरळ वर चढवणारी रामकाठी म्हणजे क्युप्रेसिफॉर्मिस. वेडी बाभूळ म्हणतात ते झाड मात्र अमेरिका खंडातून आलेले, वेगळ्याच प्रजातीचे.

लिनियसने 1753 मध्ये बाभळीला मिमोसा निलोटिका म्हटले. 1813 मध्ये डेलिलने तिला अकेशिया प्रजातीत आणले. पुढे ही अवाढव्य प्रजाती एका वंशाची नाही असे दिसून आले आणि ती फोडावी लागली. 2005 च्या व्हिएन्नातील वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या जातींकडे गेले. मूळचे नाव बाभळीवरूनच रूढ झालेले असल्याने आफ्रिकेतल्या अभ्यासकांना हे फार लागले, पण 2011 मध्ये मेलबर्नला तोच निर्णय कायम झाला. वाइट आणि अर्नॉट यांनी 1834 मध्येच दिलेले व्हॅचेलिया हे नाव बाभळीला 2008 मध्ये लागले. हिवरही याच प्रजातीत आहे. खैराचे आकडेदार काटे उपपर्णांपासून झालेले नसतात. तो सेनेगालिया या वेगळ्या प्रजातीत गेला.

शेंगाकुळाच्या 2017 च्या मांडणीत बाभळीचे मिमोसॉइडी हे स्वतंत्र उपकुल उरले नाही. बाभूळ, बहावा आणि तरोटा आता सिसाल्पिनिऑइडी या एकाच उपकुलात येतात. तूर आणि हरभरा पॅपिलिओनॉइडी या दुसऱ्या उपकुलात राहतात.