सहा दिवस आणि काळा खडक



नंदुरबारच्या शिवारातून जाताना
काळ्या खडकाच्या लांबच लांब, सरळ भिंती दिसतात.
त्या कुणी बांधलेल्या नाहीत.
जमीन तडकली, खालून शिलारस वर आला,
आणि भेगेतच थिजला.
याला झाली सुमारे साडेसहा कोटी वर्षं.
पृथ्वी तर त्याहून कितीतरी जुनी.
साडेचारशे कोटींच्या घरातली.

आता आपल्या नवापूरकडे बरीच आदिवासी कुटुंबं ख्रिस्ती आहेत.
त्यांच्या बायबलचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती.
त्यात देव सहा दिवसांत सृष्टी घडवतो.
मग खडक खरा, की ग्रंथ?

जरा थांबा.
आधी विचारू, दिवस म्हणजे काय?
मूळ हिब्रू शब्द आहे ‘योम’.
योम म्हणजे दिवस.
आणि योम म्हणजे काळसुद्धा.
आपण नाही का म्हणत, ‘आजोबांच्या दिवसांत’?

शिवाय उत्पत्तीत सूर्य येतो चौथ्या दिवशी!
मग आधीचे तीन दिवस कसले?
हा पेच ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीनलाही पडला होता.
सोळाशे वर्षांपूर्वी.
तेव्हा भूगर्भशास्त्र जन्मलंही नव्हतं.

सृष्टी सहा हजार वर्षांची, हा हिशेब गाजवला आयर्लंडच्या आर्चबिशप अशर यांनी.
साल १६५०.
बायबलातल्या वंशावळी जोडून त्यांनी तो मांडला.
आजही काही ख्रिस्ती तो मानतात.
पण तो आकडा बायबलात लिहिलेला नाही.
पुन्हा सांगते, तिथे लिहिलंय फक्त ‘योम’.
दिवस, किंवा काळ.

तोरणमाळच्या घाटात गाडी थांबली,
तर कड्यातले शिलारसाचे थर मोजून पाहा.