डोकेदुखीचे अर्थकारण
(देऊळघाट येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संक्षेप)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने मुलांच्या डोकेदुखीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु हा प्रश्न अर्थशास्त्राचाही आहे.

वारंवार डोके दुखते म्हणणाऱ्या मुलास आपण 'शाळा चुकवण्याचे निमित्त करतो' म्हणून हिणवतो. ताप, ताठरलेली मान, पहाटेच्या उलट्या, बिघडलेली दृष्टी वा चाल ही लक्षणे असल्यास तातडीने डॉक्टर गाठावा. डोळेही तपासून घ्यावेत. तरीही अनेक मुलांची अर्धशिशी उरतेच, आणि ती खरी असते.

तिच्यावर उपाय कोणता? 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, मुलांची अर्धशिशी रोखण्यासाठी सर्रास दिली जाणारी दोन औषधे औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. त्यापूर्वी 2013 मध्ये जुनाट अर्धशिशीच्या 135 मुलांना एकच औषध देऊन एका गटास सोबत वर्तनोपचार, तर दुसऱ्यास केवळ माहिती देण्यात आली. वीस आठवड्यांनी दुखण्याचे दिवस निम्म्यावर वा त्याहून खाली आलेली मुले पहिल्या गटात 66 टक्के, दुसऱ्यात 36 टक्के होती.

वर्तनोपचार म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. संथ श्वसन, स्नायू क्रमाने सैल सोडणे, मनातील भीतीचे विचार तपासून पाहणे, दुखण्याची रोजनिशी ठेवणे. आणि आईवडिलांनी सतत 'दुखते का?' असे न विचारता मुलाची शाळा व खेळ चालू ठेवणे. याच्या जोडीला नियमित झोप, जेवण आणि पाणी.

मग हे खेड्यात का पोहोचत नाही? गोळीला कारखानदार असतो, विक्रेता असतो. श्वास सोडायला शिकवण्यात नफा कोणाचा? ज्यात नफा नाही, ते बाजार देऊळघाटला आणून देणार नाही. शिवाय उपाशीपोटी शाळेत येणाऱ्या मुलास 'वेळेवर जेव' असे सांगणे ही क्रूर थट्टा होय. शालेय पोषण आहार आणि शाळेतील पिण्याचे पाणी हाही उपचाराचाच भाग आहे.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने शाळांतून 30 विकारांची तपासणी योजली; तीत वारंवार होणारी डोकेदुखी नव्हती. पथकात डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता योजले, समुपदेशक नाही. आपली मागणी नेमकी असावी: पथकास व प्रत्येक शाळेतील एका शिक्षकास हे प्रशिक्षण द्या, ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक नेमा.

मागणी मान्य होईपर्यंत एक काम आपल्याच हाती आहे. मूल डोके दुखते म्हणाले, तर प्रथम त्याच्यावर विश्वास ठेवा.