आरोग्यखात्याची उतरंड
(नगर जिल्ह्यातल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



आज माझ्याकडे विषय दिलाय आरोग्यखात्याच्या फेररचनेचा. ऐकायला कोरडा. पदं, खुर्च्या, परिपत्रकं. पण आपल्या वस्तीतलं बाळंतपण निभणार की नाही, हे ह्याच कागदांत ठरतं. म्हणून ऐका.

मी ह्या जिल्ह्यात कंत्राटी आरोग्यसेवक आहे. खातं मी खालून बघतो. वर जिल्हा आरोग्य अधिकारी, मग तालुक्याचे साहेब, मग प्राथमिक केंद्राचा डॉक्टर, मग नर्सबाई, मग आशा. आणि सगळ्यांच्या बुडाशी केंद्राचा संडास धुणारी बाई. तिचं नाव खात्याच्या हजेरीपटावर नाही, कंत्राटदाराच्या वहीत. पगार वरून खाली आटत येतो, घाण आणि पायपीट खाली साचत जाते. तळाला कोणाची माणसं आहेत, हे कळायला जातीचा दाखला मागावा लागत नाही. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती इथं सरकारी शिक्क्यानिशी बसलीय.

फेररचना झाल्या नाहीत असं नाही. 1973 मध्ये कर्तारसिंग समितीनं सांगितलं, मलेरियाचा वेगळा, देवीचा वेगळा, कुटुंबनियोजनाचा वेगळा असे कर्मचारी नकोत. बहुउद्देशीय सेवक करा. केले. 2 ऑक्टोबर 1977 पासून गावातलाच आरोग्यरक्षक आला, महिना 50 रुपये मानधन. त्यात बहुतेक पुरुष. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, आशा आली. पाट्या बदलल्या. उतरंड तीच.

पण ह्याच जिल्ह्यात, जामखेडला, ती एकदा हलली होती. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले. आधी त्यांनीही शिकलेल्या नर्सच गावोगाव ठेवून पाहिल्या. बाहेरच्या पोरी, गावात रुळेनात, गाव त्यांचं ऐकेना. मग गावालाच म्हटलं, तुमची बाई द्या. आल्या त्या बहुतेक निरक्षर. त्यांत दलित होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. दर आठवड्याला जामखेडला जमायच्या, शिकायच्या, एका पंगतीत जेवायच्या. बाळंतपण, जुलाब, ताप, क्षय, कुष्ठरोग, सगळं शिकल्या. त्या गावांत 1971 च्या सुमारास हजार जन्मलेल्या पोरांत 176 वर्षाच्या आत मरत होती. 1990 नंतर तो आकडा विशी-पंचविशीवर आला.

दुसरी गोष्ट पाण्याची. हातपंपाची जागा दलित वस्तीत धरली. ज्यांनी आपल्याला विहिरीवर चढू दिलं नाही, त्यांना हंडा घेऊन आपल्या दारात यावं लागलं. ह्याला म्हणतात फेररचना! खुर्ची ह्या खोलीतून त्या खोलीत नेणं म्हणजे फेररचना नव्हे.

सरकारनं जामखेडकडून काय घेतलं? बाई घेतली. तिचा मान, तिचं दर आठवड्याचं शिक्षण, तिच्या शब्दाचं वजन, हे तिथंच ठेवलं. जामखेडलाही ह्या बायांना पगारी नोकरी नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. पण ती एक संस्था होती. सरकारजवळ तिजोरी आहे. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा सन्मान केला. 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संपावर बसावं लागलं. सेवा म्हणून गौरव करायचा आणि वेतनश्रेणी नाकारायची, ही बलुत्याचीच नवी रीत.

आणि संकट आलं की जबाबदारी मात्र खाली उतरते. 6 नोव्हेंबर 2021 ला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी 11 रुग्ण गेले. वरिष्ठांच्या वाट्याला निलंबन आलं. पोलिसांनी अटक केली ती एका वैद्यकीय अधिकारी बाईंना आणि तीन परिचारिकांना. इमारतीचा, विजेच्या तारांचा, आगीच्या बंदोबस्ताचा निर्णय परिचारिका घेते काय?

तेव्हा आपलं म्हणणं साफ असू द्या. एक, आशांना आणि सफाई कामगारांना खात्यात कायम करा, वेतनश्रेणी द्या. मधला कंत्राटदार हटवा. दोन, आशांना नर्सिंगच्या शिक्षणात राखीव जागा द्या, म्हणजे खालची बाई वर चढेल. तीन, उपकेंद्राचा हिशेब वर्षातून दोनदा ग्रामसभेत मांडा, आणि ती सभा वस्तीत भरवा. चार, नवं उपकेंद्र बांधायचं तर ते गावकुसाबाहेर, आपल्या वस्तीत बांधा. हातपंपासाठी गाव आलं, औषधासाठीही येईल.

घोषणा पुरे झाल्या. उद्यापासून प्रत्येकानं आपल्या गावच्या उपकेंद्रावर जायचं. किती पदं मंजूर, किती भरलेली, किती कंत्राटी, झाडूवालीला हातात किती पैसे पडतात, तिला हातमोजे-बूट मिळाले का, एवढं लिहून आणायचं. साहेब सांगणार नाहीत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. आणि झाडूवालीला विचारा. ती सगळं सांगेल, तिला आजवर कोणी विचारलंच नाही.

जयभीम!